तुमच्या वाचनात थोरला कुठे आहे?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांचं सहा पानी पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, वय ५२. घरी सहा एकर, त्यातले तीन आईच्या नावावर. कापूस आणि थोडी केळी. ज्ञानेश्वरी वाचतो, पहाटे ध्यानाला बसतो. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मराठी नवा करार दिला. त्यातली उधळ्या पुत्राची गोष्ट मनात रुतून बसली. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, दूर देशी जाऊन सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते. त्यांच्या शेंगा तरी खायला मिळाव्यात असं त्याला वाटतं. मग तो शुद्धीवर येतो, घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. वाचता वाचता मला उमगलं की ही बाहेरची गोष्टच नव्हे. बाप म्हणजे शुद्ध जाणीव, साक्षी. दूर देश म्हणजे विषय. डुकरं म्हणजे तमोगुण. शुद्धीवर येणं म्हणजे आत्मभान. येशूनेच म्हटलंय ना, देवाचं राज्य तुमच्यामध्ये आहे!

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं. आमचे एक सर नवापूरकडचे, ख्रिस्ती, माझे जुने मित्र. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, 'सर, माझ्या वडिलांच्या मातीच्या दिवशी ही गोष्ट वाचली होती. तुम्ही तिच्यातली माणसंच काढून टाकली.' तेव्हापासून पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही. माझं वाचन चुकीचं आहे का? मी ख्रिस्ती नाही, मग असा अर्थ लावायचा मला अधिकार आहे का? त्यांना कसं पटवू?

योगायोग असा की आमच्या घरीही असंच घडलंय. आईचा धाकटा नऊ वर्षांपूर्वी वाटणीचे तीन एकर विकून सुरतेला गेला, कापडाच्या धंद्यात बुडाला, दारूला लागला. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी परत आला. ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, 'दादा, माले सालदार म्हनीसन ठेव.' सालभराच्या बोलीवरचा शेतगडी म्हणून. आईने चुलीवर खापर चढवलं, मांडे केले. (मी पर्यवेक्षक झालो तेव्हा दुकानातून पाव किलो पेढे आले होते, तेवढंच.) आता तो मळ्यातल्या खोलीत राहतो. रोज घरून डबा जातो. आमचं बोलणं नाही. पण माझ्या मनात राग नाही, कारण परत येणारा बाहेर नसतोच, तो आपल्या आत असतो हे मला कळलंय."

भाऊ,

आधी अधिकाराचं सांगते, कारण ते थोडक्यात आहे. पुस्तक तुमच्या भाषेत आहे, तुम्ही ते मन लावून वाचलंत, त्याने तुमची झोप उडवली. याहून वेगळा अधिकार लागत नाही. फक्त एक जाण ठेवा. ज्या पानावर तुम्ही पेन्सिलीने खुणा केल्यात, त्याच पानावर तुमच्या मित्राने वडिलांना निरोप दिला आहे. त्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. तुम्ही त्या काढल्या असतीलच, पण त्यांना तसं दिसलं नसेल.

आता चूक-बरोबर. गोष्ट आतल्या अवस्थांची खूण म्हणून वाचणं ही वाट फार जुनी आहे. येशूच्याच काळात अलेक्झांड्रियात फायलो नावाचा ज्यू विचारवंत होता. एदेन बागेची गोष्ट तो अशी वाचायचा: आदाम म्हणजे बुद्धी, हव्वा म्हणजे इंद्रियं, साप म्हणजे सुखाची ओढ. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात अब्राहामाची दासी हागार आणि पत्नी सारा या दोघींना दोन करारांचं रूपक म्हटलंय. पुढे अलेक्झांड्रियाच्याच ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने शास्त्रवचनालाही माणसासारखंच शरीर, जीव आणि आत्मा असतो, असं मांडलं. आणि तुमच्या याच गोष्टीवर उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने (३५४ ते ४३०) स्वतःचं आयुष्य टांगलं. आपल्या आत्मकथनात तो देवाला सांगतो की तुझ्यापासून दूर जाणं किंवा तुझ्याकडे परतणं पायांनी होत नसतं. त्या धाकट्या मुलाने काही घोडे, रथ किंवा जहाजं शोधली नव्हती. तुम्ही दूर देशाचा जो अर्थ लावलात तो सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने लावलेला आहे. तेव्हा तुमचे मित्र तुम्हाला परके समजत असतील, तर हे त्यांच्याच घरातलं आहे.

'शुद्धीवर आला' या शब्दांवर तुम्ही अडखळलात, ते तर मला फारच आवडलं. मूळ ग्रीकमध्ये तिथे शब्दशः 'स्वतःकडे येऊन' असं आहे. बापाकडे निघण्याआधी पोरगा स्वतःकडे आला. एवढे दिवस तो कुठे होता मग? दूर देशात होता हे खरं, पण स्वतःपाशीही नव्हता. आपण मराठीत भानावर येणं म्हणतो, शुद्धीवर येणं म्हणतो. दारू उतरलेल्या माणसालाही म्हणतो आणि ज्याला जाग आली त्यालाही म्हणतो. भाषांतरकाराने हा शब्द निवडला आणि दोन्ही अर्थ आपोआप आत आले. ही गोष्ट आतली नाहीच, असं कुणी म्हणालं तर त्याला हे तीन-चार शब्द दाखवावेत.

पण तुमच्या मित्राची तक्रारही तेवढीच जुनी आहे. अंत्युखिया या दुसऱ्या जुन्या शहराकडच्या ख्रिस्ती शिक्षकांना अलेक्झांड्रियाची ही रीत पटत नसे. त्यांच्यातला मोप्सुएस्तियाचा थिओडोर (मृत्यू ४२८) तर चिडून विचारायचा की बाग ही बाग नव्हे आणि साप हा साप नव्हे, असं तुम्ही म्हणता, मग आदामाने केलं काय आणि ख्रिस्ताने सावरलं काय? पौलाने रूपक वापरलं, पण हागारला नाहीशी केली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तुमच्या गोष्टीत हा 'घडलं की नाही घडलं' असा वाद नाही. हा दृष्टांत आहे, येशूने रचून सांगितलेला, हे तुमच्या मित्रालाही ठाऊक आहे. ते म्हणाले ते वेगळंच. माणसं काढून टाकली, असं म्हणाले.

माझं लहानपण अमळनेरला, बोरी नदीच्या काठी गेलं. वाडी संस्थानात भारूड व्हायचं. नाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे आम्हा पोरांनाही माहीत असायचं. पण भारूड करणारा ओरडत लोळायला लागला की आम्ही पाय वर घ्यायचो. ज्याने खरा विंचू झोंबलेला पाहिलेला नाही, त्याला तो आतला विंचू काय कळणार? रूपकाला जोर येतो तो खऱ्या नांगीतून. नांगी काढून टाकली तर हाती उरतो फक्त त्याचा अर्थ, आणि त्या अर्थाने कुणाचा घसा कोरडा पडत नाही. तुमच्या यादीत बाप म्हणजे जाणीव, देश म्हणजे विषय, डुकरं म्हणजे तम. यादी चूक नाही. पण साक्षी कधी धावतो का, भाऊ? गोष्टीतला बाप पोरगा लांब असतानाच त्याला ओळखतो आणि धावत सुटतो. म्हणजे तो वाटेकडे डोळे लावून बसलेला असणार. तुमच्या 'शुद्ध जाणिवे'त हे डोळे कुठे गेले?

अलीकडे अशा वाचनाचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी अमेरिकेत व्याख्यानं देणाऱ्या नेव्हिल गोडार्डपर्यंत (१९०५ ते १९७२) जातात. त्यांच्या मते बायबल हा इतिहास नसून मनात चाललेलं नाटक आहे आणि सगळी पात्रं आपल्याच जाणिवेच्या अवस्था आहेत. त्यातलं 'आपल्याच' मला घाबरवतं. सगळीच पात्रं मी असेन, तर माझ्यासमोर उभं राहून मला काही मागणारं कुणीच उरत नाही. देवाच्या राज्याचं जे वचन तुम्ही दिलंत, त्यातला ग्रीक शब्दसुद्धा दोन्हीकडे वळतो: तुमच्या आत, आणि तुमच्या मध्ये, म्हणजे तुम्हा लोकांच्या घोळक्यात. आपल्या मराठी 'तुमच्यामध्ये'ने तो दुहेरीपणा न सांगता सांभाळला आहे. तुम्ही त्यातला एकच कान पकडलात.

आता खरं बोलते. रागवू नका.

नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, ही गोष्ट अकराव्या ओवीपासून बत्तिसाव्यापर्यंत आहे. (मी ओवी म्हणाले, ख्रिस्ती लोक वचन म्हणतात.) बावीस वचनं. तुमचं वाचन चोविसाव्यावर थांबलंय, जेवणावळ सुरू होते तिथे. पुढची आठ वचनं थोरल्या भावाची आहेत. सहा पानी पत्रात त्याचा एकदाही उल्लेख नाही. बाप, देश, दुष्काळ, डुकरं, शेंगा, मिठी, सगळ्याला अर्थ मिळाला. एकटा थोरला तुमच्या हातून सुटला.

आठवून बघा. तो शेतात असतो. घराकडे येताना वाद्यं आणि नाच ऐकू येतो. आपल्याच घरात काय चाललंय हे तो आत जाऊन बघत नाही, गड्याला बोलावून विचारतो. भाऊ आलाय हे कळताच त्याला राग येतो आणि तो उंबऱ्याबाहेरच राहतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवणी करतो. तेव्हा तो हिशेब काढतो: इतकी वर्षं तुमची चाकरी केली, कधी शब्द मोडला नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडूही दिलं नाहीत.

करडू. भाऊ, तुमचे पाव किलो पेढे तुम्ही कंसात घातलेत. कंसात घातलं की कमी दुखतं असं नाही.

थोरला म्हणतो, 'हा तुमचा मुलगा'. माझा भाऊ म्हणत नाही. बाप उत्तरात हळूच ते दुरुस्त करतो आणि म्हणतो, 'हा तुझा भाऊ'. तुमचं पत्र पुन्हा काढून बघा. 'आईचा धाकटा' असं लिहिलंय तुम्ही. 'माझा भाऊ' हा शब्द सहा पानांत मला सापडला नाही.

येशूने ही गोष्ट कुणाला सांगितली, हेही त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे. हा माणूस पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो, अशी कुरकुर शास्त्री-परूशी करत होते, त्यांना. नियमाने वागणारे, धर्मग्रंथ वाचणारे, नेमाने प्रार्थना करणारे लोक होते ते. भांडण पंगतीचं होतं. गोष्ट थोरल्यांना सांगितलेली आहे.

आणि सालदार! हे वाचताना माझा हात थांबला. खान्देशात आखाजीला सालदाराचं वर्ष संपतं आणि नवा सौदा ठरतो, हे तुमच्या भावाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो आदल्या दिवशी आला. गोष्टीतला धाकटाही दूर देशात हेच वाक्य घोकून निघतो: मला तुमच्या मोलकऱ्यांपैकी एकासारखं ठेवा. पण घरी पोचल्यावर ते वाक्य त्याला पुरं करता येत नाही. पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायची लायकी नाही, इथपर्यंत तो बोलतो आणि बाप मध्येच गड्यांना हाका मारतो, अंगरखा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला. पुढचं वाक्य तोंडातच राहतं. तुमच्या ओट्यापाशी मात्र ते पूर्ण बोललं गेलं. आईने तिच्या परीने ते मोडलं. या वयात पुरण भरलेला मांडा कोपरापर्यंत ताणायचा आणि खापरावर टाकायचा, तोही आखाजीच्या आदल्या दिवशी, ही काय साधी गोष्ट आहे का? पण दादाने ते मोडलं नाही. भाऊ मळ्यातल्या खोलीत गेला. सालदार राहतो त्या जागी.

थोरल्याच्या तोंडी जो चाकरीचा शब्द आहे, तो ग्रीकमध्ये गुलामाच्या राबण्याचा आहे. म्हणजे एक भाऊ सालदार व्हायला तयार होऊन आलाय आणि दुसरा इतकी वर्षं घरात राहून स्वतःला सालदारच समजतोय. बापाने वाटणी केली ती दोघांत केली, असं अगदी सुरुवातीला म्हटलंय. ज्यूंच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा असे. जे उरलं ते सगळं त्याचंच होतं. तरी त्याला वाटत होतं की आपण मजुरीवर आहोत आणि मजुरी थकली आहे. त्याला बाप काय म्हणून हाक मारतो बघा: 'बाळा'.

तुमचा हिशेब खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. रात्रीची लाईट आली की उठून केळीला पाणी देणारे तुम्ही होतात. बापाचं दुखणं तुम्ही काढलंत, आईला तुम्ही सांभाळलंत. सुरतेहून कुणी आलं नव्हतं. हे सगळं त्या ओट्यावर कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं आणि कुणी म्हटलं नाही. गोष्टीतला बापही थोरल्याच्या चाकरीला नाही म्हणत नाही. म्हणून तुमच्या मनात राग नाही, हे मला पटत नाही. राग असायलाच हवा. तो ध्यानाच्या पाटाखाली सरकवून ठेवला आहे, एवढंच.

आपल्या मुक्ताईची आठवण येते. तापीकाठी मेहूणला ती विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, असं आपली परंपरा सांगते. तिचे ताटीचे अभंग तुम्हाला पाठ असतील. रुसून आत बसला होता तो साधासुधा माणूस नव्हता, ज्ञानेश्वर होता. आतल्या जाणिवेबद्दल त्याला कुणी काय शिकवावं? तरी ताटी लावलेली होती, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून ती उघडायला सांगत होती. 'आत' या शब्दाला दार असतं, आणि ते लावूनही घेता येतं.

तेव्हा तुमचं आतलं वाचन सोडू नका, ते शेवटापर्यंत न्या. थोरल्यालाही आत जागा द्या. तो कोण आहे? मला वाटतं, तो मनातला कारकून आहे. नाचगाणं ऐकू आलं तरी वही मिटत नाही, दुसऱ्याला मिळालेलं आपल्या खात्यातून वजा झालं असं धरतो. जाणीव त्याच्याकडेही बाहेर चालत येते का, विनवते का, हे तुमच्या पहाटेच्या बैठकीत बघा. यादी करू नका. काही दिवस 'म्हणजे' हा शब्दच वापरू नका. बत्तिसाव्या वचनापर्यंतची गोष्ट नुसती मोठ्याने वाचा आणि बाप बाहेर आला की थांबा.

मित्राला पटवायचं राहू द्या. त्यांना विचारा, वडिलांच्या मातीला ही गोष्ट कुणी निवडली होती? बाप धावत येतो हे त्या दिवशी ऐकताना कसं वाटलं? मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. ऑगस्टीनचं नंतर कधीतरी सांगा, चहाच्या वेळी.

भावाबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. सातबाऱ्याला हात लावायची काही गरज नाही. गोष्टीतला बापही थोरल्याचा हिस्सा पुन्हा वाटत नाही. माझं जे आहे ते सगळं तुझंच, असं त्याला स्पष्ट सांगतो. पैसे हातात देऊ नका. दारू अजून चालू असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. रोजची दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती तोडायला लावू नका. माफी, मिठी यातलं काहीही आज जमलं पाहिजे असं नाही. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. बाप बोलतो आणि गोष्ट तिथेच, उंबऱ्याबाहेर, सोडून दिली आहे.

रोज घरून डबा जातो, असं तुम्ही लिहिलंय. कोण नेतं, ते लिहिलं नाही. येत्या रविवारी शाळा नाही. आईला दोघांचा डबा बांधायला सांगा आणि तो तुम्ही घेऊन जा. खोलीच्या दाराशी ठेवून परत फिरू नका. विहिरीपाशी बसा, भाकरी मोडा, आणि त्याचं जेवण होईपर्यंत उठू नका.